पार्किन्सन्ससाठी व्हीआर व्यायाम: घरी सुरुवात करण्याआधी आणि केल्यानंतर

व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी जग) म्हटलं की डोळ्यांवर जाडजूड हेडसेट चढवून हवेत हात मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पार्किन्सन्सच्या बाबतीत मात्र ज्या अभ्यासांमुळे या व्यायामाकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं, त्यांतल्या महत्त्वाच्या अभ्यासांत हेडसेट नव्हताच. समोर मोठा पडदा, पायाखाली ट्रेडमिल किंवा बसायला स्थिर सायकल, आणि पडद्यावरच्या रस्त्यातून चालणारे आपण, असा तो प्रकार होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण काय विकत घ्यायचं, उभं राहून करायचं की बसून, शेजारी कुणी हवं का, हे सगळं यावर ठरतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: बहुतेकांनी पडद्यापासून सुरुवात करावी, आणि हेडसेट वापरायचाच असेल तर तो खुर्चीत बसून.

याचा उपयोग होतो तो कशामुळे

पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी होतं आणि ज्या हालचाली आपण नकळत करतो त्यांना पहिला फटका बसतो. चालताना हात हलणं, पाऊल पुरेसं उचललं जाणं, बोलता बोलता वळणं, या गोष्टी आपोआप होईनाशा होतात. पण मुद्दाम लक्ष देऊन, समोर काहीतरी लक्ष्य ठेवून केलेली हालचाल बरीच शाबूत राहते. म्हणूनच सपाट फरशीवर पाय अडकणारा माणूस जमिनीवर आखलेल्या पट्ट्या मात्र झपाझप ओलांडतो. व्हीआर हेच करतं. ते सतत लक्ष्य देतं, ताल देतं, आणि लगेच सांगतं की पाऊल पुरेसं मोठं पडलं की नाही.

दुसरा फायदा लक्ष विभागण्याचा. घरात पडणं बऱ्याचदा नुसतं चालताना होत नाही. चालता चालता कुणी हाक मारली, हातात ताट होतं, फोन वाजला, अशा वेळी होतं. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या व्ही-टाइम चाचणीत नेमका हाच सराव दिला होता. आधी पडण्याचा इतिहास असलेल्या ३०२ ज्येष्ठांना दोन गटांत विभागलं. त्यांत पार्किन्सन्सचे बरेच जण होते. सगळे आठवड्यातून ३ वेळा, साधारण ४५ मिनिटं, ६ आठवडे ट्रेडमिलवर चालले. एका गटासमोर पडदा होता. कॅमेरा त्यांचे पाय टिपून पडद्यावर दाखवत होता आणि वाटेत अडथळे, वळणं, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी येत होत्या. या गटातलं पडण्याचं प्रमाण ६ महिन्यांत माणशी सरासरी ११.९ वेळांवरून ६.० वर आलं. नुसतं चाललेल्या गटात ते १०.७ वरून ८.३ झालं. दोघांची पायपीट सारखीच होती. फरक पडला तो चालताना डोकंही कामाला लावल्यामुळे.

पण हुरळून जाऊ नका. त्याच वर्षी कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने, ८ छोट्या चाचण्या, मिळून २६३ लोक, एकत्र तपासल्या. पावलाची लांबी व्हीआरने फिजिओथेरपीपेक्षा थोडी जास्त सुधारलेली दिसली. तोल आणि जगण्याची गुणवत्ता यांत दोन्ही जवळपास सारखेच. म्हणजे चांगला फिजिओथेरपिस्ट मिळत असेल तर व्हीआर नसल्याने तुमचं फार काही अडत नाही. व्हीआरचं खरं बळ असं की कंटाळा कमी येतो आणि घरच्या घरी व्यायाम चालू राहतो.

पहिली पायरी: डॉक्टरांशी बोला, पण नेमकं विचारा

‘व्हीआर केलं तर चालेल का?’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळेल. त्याऐवजी खालील गोष्टी स्वतःहून सांगा.

- भास होतात का. नसलेली माणसं, प्राणी दिसणं, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे असं वाटणं. पार्किन्सन्समध्ये आजारामुळेही आणि औषधांमुळेही असं होऊ शकतं. असं होत असेल तर हेडसेट नकोच. खरं काय आणि खोटं काय यातली रेषा आधीच पुसट झालेली असताना तिथे आणखी एक खोटं जग आणू नये.
- मेंदूला विजेचे सौम्य झटके देणारं डीबीएसचं (डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं) यंत्र किंवा छातीत पेसमेकर आहे का. हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक व रेडिओलहरी असतात. उत्पादक स्वतःच डॉक्टरांना विचारायला सांगतात. डीबीएस यंत्राच्या कंपनीची माहितीपुस्तिकाही पाहा.
- फिट येण्याचा इतिहास. लुकलुकणारे दिवे असलेले खेळ त्रासदायक ठरू शकतात.
- उभं राहिल्यावर चक्कर येते का. आडवं असताना रक्तदाब मोजा, उभं राहून ३ मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उभ्याने व्हीआर करण्याआधी यावर उपचार हवेत.
- एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात का, डोळे कोरडे पडतात का. पार्किन्सन्समध्ये पापण्या कमी लवतात, रंगांतला व उजेडातला सूक्ष्म फरक कमी कळतो. हेडसेटमध्ये हे सगळं जास्त जाणवतं.

आणखी एक गोष्ट, जी अशा लेखांत क्वचितच सापडते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी डोपामिन अगोनिस्ट (डोपामिनसारखं काम करणारी) औषधं घेणाऱ्या काही जणांना एखाद्या गोष्टीचा अनावर नाद लागतो. जुगार, खरेदी, खाणं, किंवा खेळ. बक्षिसं, नाणी, पातळ्या असे खेळ अशा माणसाला रात्री दोन वाजेपर्यंत बसवू शकतात. ‘व्यायामच तर करतोय’ असं म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. वेळेची मर्यादा पहिल्या दिवसापासून घाला, आणि नाद वाढतोय असं दिसलं तर न्यूरोलॉजिस्टना कळवा. औषध मनाने बंद करू नका.

दुसरी पायरी: साधन निवडा, पण पडण्याच्या धोक्यावरून

वय, हौस, किंमत यांवरून नव्हे, तर गेल्या ६ महिन्यांत किती वेळा पडलात किंवा पडता पडता वाचलात यावरून ठरवा.

कधी पडला नाहीत, वळताना तोल जात नाही, पाय अडकत नाहीत: अशांना पडद्यासमोर उभं राहून केलेले कॅमेऱ्याचे खेळ चालतात. शरीर कॅमेऱ्याने टिपून पडद्यावर दाखवणाऱ्या खेळांची मोठी सोय अशी की हातात काही धरावं लागत नाही. हात थरथरत असेल, बटणं दाबणं जमत नसेल तरी अडत नाही. शिवाय स्वतःचे पाय, फरशी, खुर्ची हे सगळं नजरेला दिसत राहतं.

कधीतरी पडलात, पाय अडकतात: स्थिर सायकल आणि समोर पडद्यावर रस्ता. माझ्या मते सगळ्यात कमी गाजावाजा झालेला आणि सगळ्यात भरवशाचा प्रकार हाच. नेदरलँड्समधल्या पार्क-इन-शेप चाचणीत, जी २०१९ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये आली, सौम्य पार्किन्सन्स असलेल्या १३० जणांपैकी निम्म्यांनी घरीच अशी खेळ जोडलेली सायकल चालवली. आठवड्यातून ३ वेळा, ३० ते ४५ मिनिटं, ६ महिने. बाकीच्यांनी स्नायू ताणण्याचे, म्हणजे स्ट्रेचिंगचे, व्यायाम केले. औषधाचा असर नसताना मोजलेल्या हालचालींच्या गुणांकात सायकलवाल्यांचा गट ४.२ गुणांनी बरा राहिला. सायकलवर पडायची भीती नाही, त्यामुळे दम लागेपर्यंत मेहनत करता येते. चढता-उतरताना मात्र आधार धरा, धोका तिथेच असतो.

वारंवार पडता, किंवा एकट्याने उभं राहणं अवघड आहे: हात असलेल्या भक्कम, चाकं नसलेल्या खुर्चीत बसून. पडदाही चालेल, हेडसेटही चालेल. हात वर, बाजूला, शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेणारे खेळ बसूनही पाठीचा ताठपणा चांगला मोकळा करतात.

हेडसेट घालून उभं राहायचंच असेल, तर ते आधी फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहा. हेडसेटमध्ये आपले पाय दिसत नाहीत. पार्किन्सन्समध्ये तोल सांभाळताना माणूस नजरेवर जास्त विसंबलेला असतो, आणि नेमकी तीच आपण झाकून टाकतो. बाहेरची खोली कॅमेऱ्यातून दाखवणारी पारदर्शक सोय असलेला हेडसेट त्यातल्या त्यात बरा. वजनही लक्षात घ्या. साधा हेडसेट अर्धा किलोच्या आसपास असतो आणि ते वजन पुढे, चेहऱ्यावर येतं. मान आधीच पुढे झुकलेली असेल तर ती आणखी झुकते. मागे बॅटरी किंवा वजन असलेला पट्टा लावला की फरक पडतो.

तिसरी पायरी: जागा

दोन्ही हात पसरून सगळीकडे वळता येईल एवढी मोकळी जागा, शिवाय अर्धा मीटर जास्तीची. सतरंजी, वायर, पाळीव प्राणी बाहेर. पायात मागून बंद, न घसरणारे बूट. सपाता आणि नुसते मोजे नकोत. एका बाजूला भिंत किंवा जड टेबल हाताशी ठेवा.

हेडसेटमध्ये आखलेली सुरक्षित सीमा भिंतीवर आपटण्यापासून वाचवते, तोल जाण्यापासून नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

चौथी पायरी: गोळीच्या वेळेशी जुळवा

व्यायामाचं वेळापत्रक घड्याळाने नव्हे, गोळीने ठरवा. लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा) असर नीट चढल्यावर, म्हणजे तुमच्या ‘ऑन’ काळात, सत्र ठेवा. बऱ्याच जणांना गोळीनंतर पाऊण ते एक तासाने बरं वाटतं. स्वतःचा काळ दोन-तीन दिवस टिपून शोधा. असर शिगेला असताना अंग आपोआप वळवळत असेल, म्हणजे डिस्कायनेशिया असेल, तर थोडं आधी किंवा नंतर सरका. कंट्रोलर हातातून भिरकावला जाऊ नये म्हणून मनगटाची दोरी घालाच.

सत्राआधी पाणी प्या. पोट गच्च भरलेलं नको, रिकामंही नको.

पाचवी पायरी: पहिला आठवडा

पहिल्या दिवशी फक्त ५ मिनिटं, बसून, आणि कमीत कमी हालचालीचा खेळ. हेडसेट असेल तर आजूबाजूचं दृश्य स्थिर असलेलाच खेळ निवडा. मळमळ का होते? डोळे सांगतात आपण पुढे जातोय, कानातला तोलाचा अवयव सांगतो आपण जागेवरच आहोत. शरीर स्थिर आणि जग पळतंय असे खेळ, म्हणजे झुलणारे पाळणे, गाड्या, उडणं, म्हणूनच टाळा. वस्तू तुमच्याकडे येतात आणि तुम्ही त्या पकडता किंवा चुकवता, असे खेळ चालतात. मळमळ सुरू झाली की ‘थोडं सोसू’ म्हणू नका, ताबडतोब काढा. सोसल्याने ती तासन्‌तास टिकते.

हेडसेट काढल्यावर दोन-तीन मिनिटं बसून राहा, एखाद्या स्थिर वस्तूकडे बघा, मगच उठा. नंतर थोडा वेळ जिना नको, गाडी चालवणं नको.

आठवड्याच्या शेवटी ५ मिनिटं आरामात जमत असतील तर १० करा. घाई नको. हळूहळू ३० मिनिटांपर्यंत पोचायला महिनाभर लागला तरी काही बिघडत नाही. हेडसेटची ३० मिनिटं एका दमात करू नका. दहा-दहाचे तुकडे पाडा आणि मध्ये डोळ्यांना विश्रांती द्या.

सहावी पायरी: खेळ कसा निवडायचा

बरेचसे लोक इथेच फसतात. खेळात गुण मिळताहेत, म्हणून व्यायाम होतोय असं वाटतं. पण पार्किन्सन्समध्ये हालचाली आपोआप लहान होतात आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. टेनिसचा खेळ मनगटाच्या नुसत्या झटक्याने जिंकता येत असेल, तर शुभार्थी (म्हणजे रुग्ण) तेच करत राहील. लबाडी म्हणून नव्हे, तर त्याच्या मेंदूला तेवढी हालचाल पूर्ण वाटते म्हणून. गुण वाढत जातील, खांदा मात्र हललेलाच नसेल.

तेव्हा एक साधी चाचणी करा. शुभंकराने (म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्याने) पडद्याकडे न बघता फक्त माणसाकडे बघावं. कोपर पूर्ण सरळ होतो का? हात खांद्याच्या वर जातो का? पाऊल उचललं जातं की घासतं? उत्तर नकारार्थी असेल तर खेळाची संवेदनशीलता कमी करा, लक्ष्य लांब ठेवा, किंवा खेळ बदला.

चांगल्या खेळाची लक्षणं: मोठ्या, पूर्ण लांबीच्या हालचाली लागतात, ठळक ताल असतो, बाजूला आणि मागे पाऊल टाकावं लागतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावं लागतं, चुकल्यावर हिणवत नाही, वेग हाताने कमी-जास्त करता येतो, रंग ठसठशीत, मजकूर मोठा. ठेक्यावर वस्तू तोडायचे किंवा चुकवायचे खेळ, बॉक्सिंग, गोलरक्षण, ताई-ची हे सहसा या मापात बसतात.

पाय अडकण्याची, म्हणजे फ्रीझिंगची, सवय असेल तर अरुंद दारं, गर्दी, अचानक वळणं असलेली दृश्यं आभासी जगातही पाय अडकवू शकतात. फिजिओथेरपिस्ट मुद्दाम यांचा सराव देतात, पण त्यांच्या देखरेखीत, अंगाला आधारपट्टा बांधून. घरी एकट्याने हा प्रयोग करू नये. खेळात पाय अडकलाच तर ओढाताण न करता थांबा, श्वास घ्या, वजन एका बाजूला झुकवा, आणि मग एक मोठं पाऊल टाका.

सातवी पायरी: किती मेहनत करायची

अमेरिकेतली पार्किन्सन्स फाउंडेशन ही संस्था २०२१ पासून आठवड्याला १५० मिनिटं मध्यम ते जोरकस व्यायाम सुचवते. त्यात हृदयाचे ठोके वाढवणारा व्यायाम, ताकद, तोल आणि स्ट्रेचिंग हे चारही हवेत. व्हीआर यातला पहिला आणि तिसरा भाग बऱ्यापैकी भरून काढतं. ताकद नाही. मांड्या आणि पाठीची ताकद वाढवायला वजनं, रबरी पट्टे किंवा खुर्चीतून उठ-बस हेच हवं. स्ट्रेचिंगही वेगळं करावं लागतं.

मेहनत जोरात हवी का? २०१८ साली आलेल्या स्पार्क्स चाचणीत १२८ जण होते, आजार नुकताच कळलेला आणि पार्किन्सन्सचं औषध अजून सुरू न झालेले. जास्तीत जास्त ठोक्यांच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत ट्रेडमिलवर मेहनत करणाऱ्यांची लक्षणं ६ महिन्यांत जवळपास जिथल्या तिथे राहिली, नेहमीसारखं राहणाऱ्यांची वाढली. म्हणून रमतगमत खेळणं पुरत नाही. मात्र या आकड्याच्या मागे लागू नका. पार्किन्सन्समध्ये हृदयाचे ठोके मेहनतीच्या प्रमाणात वाढतीलच असं नाही, आणि बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर मुळीच नाही. शून्य ते दहाच्या मापावर दम मोजा: ५-६ म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, ७-८ म्हणजे तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. सुरुवात ५ वर, आणि डॉक्टरांनी हृदय तपासून होकार दिला तरच ७.

कठीणपणा वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आधी वेळ, मग हालचालीचा आवाका, मग वेग, आणि सगळ्यात शेवटी डोक्याचं काम: चालता चालता मोजणं, रंग लक्षात ठेवणं. डोक्याचं काम वाढवल्यावर पाऊल लहान व्हायला लागलं तर एक पायरी मागे या.

शुभंकरासाठी

कमकुवत बाजूला, किंचित मागे, हाताच्या अंतरावर उभे राहा. समोर नको, ठोसा बसेल. कमरेला पकडायचा पट्टा असेल तर तो धरा, दंड ओढू नका. हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवायची सोय चालू ठेवा, म्हणजे आत काय चाललंय ते कळेल. सूचना एका वेळी एक आणि छोटी: ‘मोठं पाऊल’, ‘हात वर’. ‘अहो, तसं नाही, असं करा, आधी इकडे बघा’ याने गोंधळच होतो.

आणि न सांगता स्पर्श करू नका. डोळे झाकलेले असताना अचानक लागलेला हात दचकवतो आणि त्यानेच तोल जातो.

कधी थांबायचं

छातीत दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, डोळ्यांसमोर अंधारी, तीव्र डोकेदुखी, बोलण्यात गडबड: लगेच थांबा, आणि यांतलं काहीही असेल तर वैद्यकीय मदत घ्या. सत्रानंतर तासाभराने मळमळ टिकत असेल, त्या रात्री भास झाले, किंवा दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त अडखळायला झालं, तर पुढचं सत्र अर्ध्यावर आणा. असं दोनदा झालं तर हेडसेट बाजूला ठेवा आणि पडद्यावर या.

फरक पडतोय का ते कसं कळणार

खेळातले गुण मोजू नका. त्याच खेळाचा सराव झाला की ते वाढतातच. दर दोन आठवड्यांनी, गोळीनंतर तेवढ्याच वेळाने, शुभंकर शेजारी असताना, दोन गोष्टी मोजा. हात छातीवर दुमडून खुर्चीतून ५ वेळा उठ-बस करायला लागलेले सेकंद. आणि खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला लागलेले सेकंद. वहीत तारीख, गोळीची वेळ, हे आकडे आणि त्या पंधरवड्यात किती वेळा पडलात किंवा तोल गेला तेवढं लिहा.

६ ते ८ आठवड्यांनी ही वही फिजिओथेरपिस्टना दाखवा. पडणं कमी झालं असेल तर तोच कार्यक्रम पुढे वाढवा. आकडे हललेच नसतील तर बहुधा मेहनत कमी पडतेय किंवा हालचाली लहान होताहेत, म्हणून एखादं सत्र त्यांच्यासमोर करून दाखवा. आणि आकडे सुधारूनही पडणं वाढत असेल, तर खेळ बदलत बसण्याआधी रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा आणि डोळे तपासून घ्या.